भरदुपारी चाललेली खुर्ची

"फादर, माझा नवरा छत्री घेऊन गेला," शिवणवाली म्हणाली.

सकाळची प्रार्थना संपली होती आणि फादर वेदीवरच्या मेणबत्त्या विझवत होते. "मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" ते पाठमोरेच म्हणाले. "बाहेर आभाळ आलंय. संध्याकाळी आणेल परत."

"फादर, त्यांना तुम्हीच माती दिलीत."

फादर वळले. शिवणवाली चेष्टा करणाऱ्यातली नव्हती. तिचा नवरा बस चालवायचा आणि त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. घरात आता दोघीच, ती आणि तिची सासू. सून पुढच्या खोलीत मशीन चालवायची आणि सासूबाई मधल्या खोलीत गुडघे धरून बसायच्या. सासूबाईंचे गुडघे हा गल्लीतला जुना विषय होता. त्या गुडघ्यांपायी त्यांना उंबरठासुद्धा ओलांडवत नाही हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. शनिवारी तेवढ्या त्या कन्फेशनला चर्चमध्ये येत, तेही सुनेच्या खांद्यावर सगळा भार टाकून, वाटेत प्रत्येक पायरीवर टेकत.

"नुसती छत्री नाही," शिवणवाली म्हणाली. "आधी छत्री गेली. मग त्यांचा चहाचा कप गेला. मग तपकिरी स्वेटर. आणि काल दुपारी त्यांची खुर्ची गेली, फादर. वेताची. डावा हात निखळला होता म्हणून त्यांनी सुतळीनं बांधली होती ती."

"दार उघडं असेल."

"दाराला आतून कडी होती. दुपारी मी शिवलेले कपडे पोचवायला जाते, आई आतून कडी घालून झोपतात. परत येऊन दार वाजवलं की त्याच उठून उघडतात. त्यांना उठायलाच केवढा वेळ लागतो! घरात दुसरं कुणी नाही. आणि चोर असता तर शिलाई मशीन नेलं असतं. हे फक्त त्यांच्याच वस्तू नेताहेत." तिचा आवाज खाली आला. "त्यांना माझं लग्न पसंत नाही, फादर."

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यानं तिला मागणी घातली होती आणि ती हो म्हणाली होती. पुढच्या रविवारी लग्न होतं. म्हातारीला एकटं सोडणार नाही, ही तिची एकच अट, आणि घड्याळवाल्यानं ती खुशीनं मान्य करून लग्नानंतर त्याच घरात राहायला यायचं ठरवलं होतं. हे कळलं त्या दिवशी सासूबाई दारात आल्या होत्या आणि, उंबरठा ओलांडवत नसल्यामुळे अलीकडेच उभं राहून, त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेतली होती, "माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या मुलाच्या खुर्चीत दुसरा पुरुष बसणार नाही! त्याच्या कपानं चहा पिणार नाही, त्याचा स्वेटर घालणार नाही, त्याची छत्री डोक्यावर धरणार नाही!" समोरच्या बेकरीवाल्यानं भट्टी सोडून ही शपथ ऐकली होती आणि त्या दिवसाचे पाव करपले होते. तेव्हापासून घड्याळवाला भेटायला आला की स्टुलावर बसायचा.

"सासूबाईंची समजूत पटेल कधीतरी," शिवणवाली म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याचीच हरकत असेल तर मी नाही लग्न करणार. ते होते तेव्हा कधी त्यांचं मन मोडलं नाही, आता कशी मोडू? तुम्ही मला खरं काय ते शोधून द्या. ते येत असतील तर येत असतील. मला फक्त कळू दे."

आता हे काम पोलिसांचं होतं की धर्माचं, हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या फादरांना पडला असता. या फादरांना पडला नाही. त्यांच्या कपाटात प्रार्थनेच्या पुस्तकांच्या मागे रहस्यकथांची एक लांबलचक रांग होती आणि आयुष्यात एकदा तरी आपल्या वाट्याला गुन्हा यावा अशी त्यांची मनातली, देवालाही न सांगितलेली इच्छा होती. इथे तर गुन्हा होता आणि वर भूतही होतं. फादरांनी चेहरा शक्य तितका गंभीर केला. "सगळं माझ्यावर सोड," ते म्हणाले. "कुठल्या वस्तूला हात लावू नकोस."

"वस्तू राहिल्यात कुठं, फादर?"

चर्चमागच्या घरात फादर आणि त्यांची थोरली बहीण राहायचे. ताई म्हणजे घराची सत्ता होती. मागच्या व्हरांड्यात एक मोठा पेटारा ठेवलेला असे. ज्याला जी वस्तू नको असेल त्यानं ती गुपचूप आणून टाकावी, ज्याला हवी असेल त्यानं गुपचूप घेऊन जावी, कुणी कुणाला विचारू नये, असा चर्चचा रिवाज होता. पेटाऱ्यावर पहिला हात ताईचा पडे. "गरजूंमध्ये आपणही येतोच," असं तिचं म्हणणं होतं.

फादर घरी आले तेव्हा टेबलाशी त्यांची नेहमीची डुगडुगती खुर्ची नव्हती. "ती फेकली मी," ताईनं स्वयंपाकघरातून सांगितलं. "व्हरांड्यात चांगली वेताची आली होती. बस त्यात आणि विचार कर काय करायचाय तो."

फादर बसले. खुर्ची फारच सुखाची होती. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातावरची सुतळी बोटानं उचकटत ते विचार करू लागले, की एक अख्खी वेताची खुर्ची भरदुपारी बंद घरातून बाहेर जाते कशी आणि नंतर जाते कुठे. बराच वेळ विचार करूनही काही सुचेना. थंडी वाजू लागली तेव्हा ताईनं त्यांच्या अंगावर झग्याच्या आतून घालायला पेटाऱ्यातून नुकताच आलेला तपकिरी स्वेटर फेकला आणि एका फुलाफुलांच्या कपात चहा आणून दिला. थोर गुप्तहेरांनासुद्धा स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. फादर तर अजून शिकाऊच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी सुरू केली. पहिला साक्षीदार बेकरीवाला निघाला. तो दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता, कारण आपल्याला वेड लागलंय अशी त्याची खात्री झाली होती.

"मी खुर्ची बघितली, फादर," तो कुजबुजला.

"कुठं ठेवली होती?"

"ठेवली नव्हती. चालत होती."

"चालत?"

"गल्लीतून. भरदुपारी, सगळे झोपले होते तेव्हा. पाय वर आकाशाकडे आणि चालतेय आपली डुलत डुलत."

"पाय वर होते तर चालत कशावर होती? खाली काय होतं?"

"खाली बघायला मी उभा राहिलो असेन होय! मी मैद्याच्या पोत्यामागे बसलो ते संध्याकाळपर्यंत."

ही साक्ष घेऊन फादर शिवणवालीकडे पोचले. त्यांनी भिंती ठोकून बघितल्या, कडी वरखाली करून बघितली, खिडकीतून स्वतःचं डोकं बाहेर जातं का ते बघितलं आणि ते परत आत येत नाही म्हटल्यावर घड्याळवाल्याला हाक मारावी लागली. घड्याळवाला किडकिडीत, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं फादरांचं डोकं एखादा नाजूक काटा सोडवावा तसं अलगद सोडवलं आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसला. सासूबाई त्याला उजव्या गुडघ्याची हकिकत सांगत होत्या, ती त्यांनी मघाशी तोडली होती तिथूनच पुढे सुरू केली.

मग फादरांनी दारापासून मधल्या खोलीपर्यंत टाल्कम पावडरीचा एक डबा उपडा केला. "भूत असेल तर पाऊल उमटणार नाही, माणूस असेल तर उमटेल," त्यांनी जाहीर केलं.

"आणि पुसणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

संध्याकाळी पावडरीत एकाच माणसाची पावलं सापडली. मोठी, पसरट, दारापासून आतपर्यंत आणि आतून दारापर्यंत. फादर ती मोठ्या आशेनं मापत बसले, आणि त्यांच्याच बुटाशी ती तंतोतंत जुळली तेव्हा शिवणवालीनं केरसुणी आणली.

अशा रीतीनं शनिवार उजाडला. शनिवारी संध्याकाळी फादर कन्फेशनच्या लाकडी खोलीत बसत. मध्ये जाळी, जाळीपलीकडे पाप सांगणारा माणूस. तिथे सांगितलेलं तिथेच राहतं. फादरांनी ते कुणालाही, कधीही, कुठल्याही कारणानं सांगायचं नसतं. सांगायचं तर नाहीच, आपल्याला ते ठाऊक आहे असं चेहऱ्यावरही दाखवायचं नसतं. सासूबाई दर शनिवारी यायच्या, पण स्वतःचं पाप त्यांनी आजवर एकही सांगितलं नव्हतं. त्या सुनेची सांगत, शेजारणीची सांगत, आणि वेळ उरला तर बेकरीवाल्याची.

"बोला आजी," फादर म्हणाले. "आज कुणाचं?"

"आज माझं," जाळीपलीकडून आवाज आला.

फादर सावरून बसले.

"माझ्या मुलाच्या वस्तू मीच नेल्या. छत्री, कप, स्वेटर, खुर्ची. दुपारी सून गेली की मागच्या दारानं जायचं आणि तुमच्या पेटाऱ्यात टाकायचं. खुर्ची डोक्यावर घेऊन आणली. अंगानं हलकी आहे."

"पण आजी, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं काय? ते दुखतात. चालत नाहीत असं मी कधी म्हटलं?"

फादरांना हा मुद्दा खोडता येईना. "पण का?" त्यांनी विचारलं.

"मुलगा चांगला आहे तो, घड्याळवाला," म्हातारी म्हणाली. "गुडघ्याचं सगळं ऐकून घेतो. मध्येच उठत नाही. माझा स्वतःचा मुलगा उठायचा, देव त्याला सुखी ठेवो. त्यातून सून माझी गुणाची. तिनं किती दिवस एकटीनं मशीन मारायचं? पण मी शपथ घेऊन बसले ना! गल्लीभर ओरडून. तो घरात राहायला आला की आज ना उद्या त्या खुर्चीत बसणार. जन्मभर स्टुलावर थोडाच बसेल? माझी शपथ मोडणार. म्हणून म्हटलं, खुर्चीच नको घरात. खुर्ची नाही, कप नाही, तर शपथ मोडणार कशी?"

"मग हे सुनेला सांगायचं ना!"

"मी सांगू? म्हणजे सासू नमली असं होईल. मला वाटलं, तिला आपोआप कळेल. वस्तू एकेक करून गेल्या की ती समजेल, मुलगाच आला, आपलं सामान घेतलं, आता तू तुझा संसार कर म्हणाला आणि गेला. केवढा शहाणा विचार होता माझा! तर हिनं उलटाच अर्थ काढला. रात्रभर दिवा लावून बसते पोरगी. मला बघवत नाही."

फादरांच्या लक्षात आलं की रहस्य उलगडलं आहे, आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की ते आता कुणालाच सांगता येणार नाही. सबंध आयुष्यात एक गुन्हा वाट्याला आला आणि गुन्हेगारानं असा डाव टाकला होता.

"तुम्ही स्वतः तिला सांगा, आजी."

"मेले तरी नाही. प्रायश्चित्त काय ते द्या, गुपचूप करीन."

फादरांनी फार विचार केला नाही, आणि इथेच ते चुकले. "मग घेतलेल्या वस्तू जिथल्या तिथं परत ठेवा," ते म्हणाले. चोरीला हेच प्रायश्चित्त द्यायची त्यांची पद्धत होती आणि आजवर त्यात कधी काही वावगं झालं नव्हतं.

"ठेवते," म्हातारी उठत म्हणाली. "खुर्ची तुमच्या टेबलाशी आहे, खिडकीतून बघितली मी. छत्री दाराशी आहे. स्वेटर तेवढा काढून ठेवा. तुमच्या गळ्याशी दिसतोय तो, या जाळीतूनसुद्धा दिसतोय."

फादर त्या खोलीतून बाहेर आले ते झग्याचं वरचं बटण लावूनच. घरी जाऊन ते वेताच्या खुर्चीसमोर उभे राहिले. मग जमिनीवर बसले.

"खाली काय बसतोस?" ताईनं विचारलं.

"मला सांगता येत नाही," फादर म्हणाले. स्वेटर त्यांनी काढून ताईकडे धुवायला दिला. का, तेही त्यांना सांगता आलं नाही.

सोमवारी दुपारी ताई डुलकी काढून उठली तेव्हा वाळत घातलेला स्वेटर दोरीवर नव्हता. टेबलाशी खुर्ची नव्हती, फडताळात फुलाफुलांचा कप नव्हता आणि दाराशी छत्री नव्हती. ताईनं भुताबिताचा विचार केला नाही. तिनं चपला घातल्या आणि थेट पोलीस चौकी गाठली. आणि त्याच सुमारास शिवणवाली कपडे पोचवून घरी आली, मधल्या खोलीत गेली, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. खुर्ची जागेवर होती. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता, ओला. कप टेबलावर होता आणि छत्री खुंटीला.

ती धावत चर्चमध्ये आली. "फादर, ते परत आले!" ती रडत म्हणाली. "सामानसुमान घेऊन आले. आधी नुसते येऊनजाऊन होते. आता राहायलाच आले! स्वेटर ओला आहे, फादर, कुठून भिजून आले कोण जाणे. रविवारचं रद्द करा. नवरा घरात असताना मी दुसरं लग्न कसं करू?"

फादरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जे त्यांना ठाऊक होतं ते सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत होतं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. "चहा घेशील?" त्यांनी शेवटी विचारलं.

इकडे हवालदार कामाला लागला होता. त्याला पहिला माग बेकरीवाल्यानंच दिला. "आज परत चालली," तो मैद्याच्या पोत्यामागूनच म्हणाला. "उलट दिशेनं. मधेच थांबून दम खात होती." हवालदार त्या दिशेनं गेला आणि शिवणवालीच्या दारात पोचला. त्यानं ताईला बोलावून घेतलं. ताईबरोबर फादर आले, फादरांबरोबर डोळे पुसत शिवणवाली आली, आणि आरडाओरडा ऐकून घड्याळवाला डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून दुकानातून धावत आला. मधल्या खोलीत सगळे खुर्चीभोवती गोळा झाले. सासूबाई पलंगावर गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हीच आमची खुर्ची!" ताई म्हणाली. "आमच्या घरातून चोरलेली."

"ही माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे, ताई," शिवणवाली म्हणाली.

"ती आमच्या पेटाऱ्याजवळ आली होती. माझा भाऊ रोज त्यात बसत होता. हा स्वेटरही आमचाच. त्याच्या अंगावर होता तो."

हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. मग तो सावकाश फादरांकडे वळला. "म्हणजे या घरातून चोरीला गेलेली खुर्ची तुमच्याकडे होती. चोरीला गेलेला स्वेटर तुमच्या अंगावर होता. फादर, या वस्तू तुमच्याकडे कुणी आणल्या?"

"मला सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"तेही सांगता येत नाही."

"आणि परत इथं कुणी आणल्या?"

फादर छताकडे बघू लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. कपाळावर घाम फुटला होता, पण त्यांनी तो पुसला नाही, कारण त्यावरूनसुद्धा कुणी काही ओळखलं असतं.

"माझा भाऊ चोर नाही हो!" ताई मध्ये पडली. "तो चोरी करायला जाईल आणि स्वतःच तिथं अडकून बसेल. आणि चोरायचाच असता तर मापाचा चोरला नसता का? तो स्वेटर पोटावर नुसता ताणला जात होता."

ताईच्या या मदतीनं हवालदाराचा संशय पक्का झाला. "तुम्हाला चौकीवर यावं लागेल, फादर," तो म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. त्याचं लग्न याच फादरांनी लावलं होतं.

"त्यांना नका नेऊ," मागून आवाज आला. "मी नेल्या वस्तू."

घड्याळवाला पुढे आला होता. भिंग अजून डोळ्याला होतं, त्यामुळे त्याचा एक डोळा फार मोठा दिसत होता. "मीच नेल्या. मला त्या घरात नको होत्या. मत्सर म्हणा. मग भीती वाटली, म्हणून परत आणून ठेवल्या." मग तो शिवणवालीकडे वळला. "भूतबित काही नाही. तुझा नवरा आला नव्हता, रागावला नव्हता. मीच होतो. तू आता दिवा मालवून झोप."

शिवणवाली त्याच्याकडे बघत राहिली. चोर म्हणून आपण हिला कायमचे मुकणार हे त्या माणसाला स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही त्यानं एवढ्याचसाठी तोंड उघडलं होतं की आपल्याच घरात तिला भीती वाटू नये. फादरांना ते कळलं आणि त्यांनी छतावरची नजर आणखी वर नेली, कारण डोळे भरून आले होते.

"बरं," हवालदार म्हणाला आणि घड्याळवाल्याचा दंड धरला.

"सोड त्याला!" पलंगावरून आवाज आला. "खोटं बोलतोय मेला!"

सासूबाई उठल्या होत्या. नुसत्या उठल्या नव्हत्या, तरातरा चालत मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हा खुर्ची उचलणार? ही मनगटं बघ ह्याची! दोन बोटांत काटा धरायची सवय ह्याला. ही खुर्ची मी नेली. ह्या डोक्यावरून नेली आणि ह्या डोक्यावरून परत आणली. भर उन्हात. मरमर मरावं आपण आणि नाव लावावं भलत्यानं!"

"आई?" शिवणवाली म्हणाली. "तुम्ही?"

मग सगळं बाहेर आलं. शपथ, पेटारा, मागचं दार. बोलता बोलता म्हातारीचा आवाज उतरत गेला. "मला वाटलं तुला कळेल," ती शेवटी म्हणाली. "तो सामान घेऊन गेला म्हणजे हो म्हणाला, असं तुला वाटेल."

"आई, तुम्ही सरळ सांगायचं ना मला."

"सरळ सांगायला मी काय सासू नाही?"

शिवणवाली हसली आणि हसता हसता रडू लागली, आणि सासूच्या गळ्यात पडली. म्हातारीनं तिला थोडा वेळ पडू दिलं. "बस, बस," ती म्हणाली. "गुडघे दुखतात माझे. आणि हे सगळं फादरांना मी आधीच सांगितलं होतं, विचारा हवं तर."

सगळे फादरांकडे वळले.

"मला काही आठवत नाही," फादर छताला म्हणाले.

"बघा!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "असा माणूस पाहिजे."

पण एक अडचण राहिलीच होती. खुर्ची पुन्हा घरात होती आणि शपथही जागच्या जागी होती. घड्याळवाला घाईघाईनं म्हणाला, "मला स्टूल चालतं. खरंच चालतं." हवालदार म्हणाला की शपथ पोलिसांच्या कक्षेत येत नाही. ताईच्या मात्र काहीतरी लक्षात आलं. "पण शपथ तर केव्हाच मोडली!" ती म्हणाली. "माझा भाऊ एवढे दिवस त्या खुर्चीत बसला. त्या कपानं चहा प्यायला, स्वेटर घातला. आणि दुसऱ्या पुरुषाचीच शपथ होती ना?"

सासूबाईंनी फादरांकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली. "फादरांना मी पुरुषात धरत नाही," त्या म्हणाल्या. "ते बसले तर काही बिघडत नाही. खुर्ची त्यांच्याकडेच जाऊ दे. शपथही राहील आणि घरात जागाही होईल. छत्री, कप, सगळं न्या."

आयुष्यातला पहिला गुन्हा असा संपेल असं फादरांना वाटलं नव्हतं. पण शिवणवालीनं गळ्यातली टेप काढली आणि सगळ्यांसमोर फादरांच्या पोटाभोवती गुंडाळली. "स्वेटरला दोन्ही बाजूंनी पट्टी जोडून देते," ती म्हणाली. "त्यांनाही पोटाशीच घट्ट व्हायचा, पण सांगायचे नाहीत." नवऱ्याविषयी ती न घाबरता बोलली, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. ज्यांना आमंत्रण नव्हतं तेही आले होते, कारण भूत लग्नाला येणार की नाही यावर गल्लीत अजून एकमत नव्हतं. बेकरीवाला मागे मोठ्या दाराशी, पळायला सोपं जाईल असा उभा होता. सासूबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, मुलीकडच्या बाजूला. तिथं नातेवाईक बसतात असं कुणीतरी त्यांना हळूच सांगायला गेलं, त्यावर त्यांनी "मग मी कोण?" एवढंच विचारलं होतं.

फादरांनी पुस्तक उघडलं. ठरलेला प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी घसा खाकरला. हा प्रश्न या लग्नात वगळता आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. "या दोघांच्या विवाहाला," ते म्हणाले, "इथे कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ता बोलावं."

चर्चचं मोठं दार धाडकन आपटलं.

वारा होता की काय होतं कोण जाणे. वेदीवरच्या मेणबत्त्या आडव्या झाल्या. बेकरीवाला पळाला नाही, कारण पळायचं ते दारच बंद झालं होतं. शिवणवालीचा हात घड्याळवाल्याच्या हातात होता, तो थंडगार पडला आणि तिनं तो हळूच काढून घ्यायला सुरुवात केली. फादरांनी पुस्तकात बघितलं. पुस्तकात यावर काही दिलेलं नव्हतं.

पहिल्या बाकावर सासूबाई जागेवरून हलल्या नाहीत. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"दार हळू लाव म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" त्या चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि केवढा उशीर! ये आता. बस इकडे, गप्प."

आणि त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली.

शिवणवालीनं त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग सासूकडे. तिनं हात परत घड्याळवाल्याच्या हातात दिला. फादर थोडा वेळ थांबले, आणि कुणाचीच हरकत नाही असं बघून त्यांनी पुढचं वाचायला घेतलं.